नवं गाणं आणि जुनं ऋण

या मालिकेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांविषयी बोलतो. आज चार अल्बमांविषयी बोलायचं आहे. चारही २०२३ ते २०२५ या काळातले. एक डब्लिनचा, तीन अमेरिकेतले. फोनवरच्या ॲपमध्ये यांना ‘फोक’, ‘ब्लूज’, ‘इंडिपेंडंट’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात का पडावं, असं कुणी विचारेल. पडण्याचं कारण त्या चिठ्ठीतच आहे. ‘नवा फोक अल्बम’ हे शब्द आपण सहज उच्चारतो, पण त्यांत एक अडचण आहे. लोकगीत म्हणजे जे पिढ्यान् पिढ्या चालत आलं, कुणा एकाचं नाही ते. नवं म्हणजे जे काल नव्हतं ते. मग नवं लोकगीत म्हणजे नेमकं काय?

याची दोन तयार उत्तरं बाजारात मिळतात. एक, जुनं गाणं घ्या आणि त्याच्याखाली यंत्राचा ठेका टाका. दुसरं, आज लिहिलेलं गाणं घ्या आणि त्याला जुना वेश चढवा: टोपी, तपकिरी फोटो, मुद्दाम खरखरीत केलेला आवाज. दोन्ही उत्तरं नवेपणा कपड्यांवरून ठरवतात. आम्हाला ती पुरेशी वाटत नाहीत.

आपल्याकडे यासाठी एक चांगला शब्द आहे: ऋण. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना येते. त्यातलं ऋषिऋण अध्ययनानं फेडायचं असतं. मूळ वचन एका वर्णापुरतं बोलतं, तो भाग आपण बाजूला ठेवू. कल्पना मात्र मोलाची आहे. सावकाराचं कर्ज सावकाराला परत करतात. ऋषिऋण ज्याच्याकडून घेतलं त्याला परत देताच येत नाही. ते शिकायचं आणि पुढच्याला द्यायचं, हीच त्याची फेड. म्हणजे इथे पुढे देणं हेच परत करणं आहे. आमचं म्हणणं असं की या संगीतात नवेपणाची कसोटी हीच धरावी. गाणारा कुणाकडून शिकला हे सांगतो का? शिकलेल्यात स्वतःचं काही घालतो का? आणि या व्यवहारात पैसा आणि नाव कुणाकडे जातं?

पहिला अल्बम रिॲनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा, ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो’, एप्रिल २०२५. ती बॅन्जो वाजवते, तो फिडल, म्हणजे लोकढंगानं वाजवलेलं व्हायोलिन. एकूण १८ रचना, बहुतेक नाचाच्या. दोघंही उत्तर कॅरोलिनाचे. २००५ मध्ये ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ ही मंडळी जमली तेव्हापासूनचे सोबती. बॅन्जो म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर डोंगराळ भागातला गोरा शेतकरी येतो. पण या वाद्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते अमेरिकेत घडवलं. पुढे ते त्यांच्या हातून गेलं आणि त्यांच्या इतिहासातूनही पुसलं गेलं. ही मंडळी तरुणपणी जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी शिकायला जात. थॉम्पसन १९१८ साली जन्मले, २०१२ साली गेले. हयातभर फर्निचरच्या कारखान्यात काम केलं आणि घराण्यातली वादनाची रीत सांभाळली.

हा अल्बम स्टुडिओत झालेला नाही. थॉम्पसन यांच्या घरी, एटा बेकर यांच्या घरी आणि एका जुन्या मळ्याच्या वाड्यात, जिथे कधी काळी गुलाम राबले, अशा तीन ठिकाणी उघड्यावर ध्वनिमुद्रण झालं. पाखरं ऐकू येतात. सिकाडा किड्यांची किरकिर ऐकू येते. हे किडे जमिनीखाली तेरा किंवा सतरा वर्षं राहून एकदम बाहेर पडतात. २०२४ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांची एक पिढी आणि सतरा वर्षांची एक पिढी एकाच वर्षी वर आल्या. तेरा गुणिले सतरा म्हणजे २२१. त्यामुळे हा योग याआधी १८०३ साली आला होता. अल्बमच्या जाहिरातीत या योगाचा बराच गाजावाजा झाला. उत्तर कॅरोलिनात निघाले ते तेरा वर्षांवाले. सतरावाले दूर इलिनॉयच्या बाजूला. तेव्हा जाहिरातीला थोडं कमी ऐका आणि वाद्यांना जास्त. ‘हुक अँड लाइन’ ऐका. फिडल चाल धरून ठेवतं, बॅन्जो तिच्या खाली-वर खेळतो, कुणीही पुढे घुसत नाही. तक्रार एकच: नाचाचं संगीत आहे, पण नाचणारे नाहीत. सलग अठरा ऐकल्या तर चाली एकमेकींत मिसळून जातात. एका बैठकीला चार ऐकाव्यात.

एटा बेकर हे नाव आत्ता आलं, तिथे जरा थांबू, कारण ऋण न फेडल्यास काय होतं ते तिथे दिसतं. या बाईंचा जन्म १९१३चा. गिटारवर बोटांनी ब्लूज वाजवण्यात त्यांचा हात विलक्षण हलका होता. १९५६ मध्ये डोंगराळ भागातल्या वाद्यसंगीताचा एक संकलित अल्बम निघाला, त्यात त्यांच्या काही रचना होत्या. तो ऐकून कितीतरी तरुण गिटारवादक ती बोटं शिकले. स्वतः बाई मात्र कापड गिरणीत कामाला जात राहिल्या, अगदी साठीपर्यंत. स्वतःच्या नावाचा अल्बम आला १९९१ साली, वयाच्या ७८व्या वर्षी. पस्तीस वर्षं! या काळात त्यांचं संगीत जगभर वाजत होतं, आणि त्यातली बरीच वर्षं संगीतकार गिरणीत होती. त्यांच्या घरी जाऊन त्यांची ‘मार्चिंग जेबर्ड’ वाजवणं याचा अर्थ यामुळे बदलतो. ती भावुकता उरत नाही, उशिरा का होईना पत्त्यावर पोचवलेली पोच होते.

दुसरा अल्बम जेरॉन पॅक्स्टन यांचा, ‘थिंग्ज डन चेंज्ड’, २०२४. पॅक्स्टन १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. आजी-आजोबा लुइझियानातून तिकडे गेलेले. गिटार, बॅन्जो, हार्मोनिका, पियानो, फिडल, सगळं वाजवतात. बरीच वर्षं ते जुन्या रचनांचे जाणकार म्हणून ओळखले गेले. या अल्बममधली गाणी मात्र सगळी त्यांची स्वतःची.

ब्लूज म्हणजे रडगाणं, असा एक समज आहे. तो सोडून द्या. ब्लूज हा एक साचा आहे: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावायचं आणि तिसरीत कधी टोला, कधी टोमणा, कधी हुंदका. पॅक्स्टन टोमण्यात पटाईत. ‘सो मच वीड’ या गाण्यात गांजा आता राजरोस मिळू लागला या बदलाकडे ते मिस्कीलपणे पाहतात. विषय आजचा, घाट शंभर वर्षांचा, आणि दोन्हींत सांधा दिसत नाही. उणीव सांगायची तर वादन इतकं सफाईदार आहे की एखाद्या दुःखाच्या गाण्यातही आपण दुःख सोडून बोटंच ऐकत बसतो.

हा अल्बम काढला स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेनं. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये फोकवेज सुरू केलं आणि दोन हजारांवर ध्वनिमुद्रिका काढल्या. १९८७ मध्ये तो संग्रह स्मिथसोनियनकडे गेला तो एका अटीवर: एकही ध्वनिमुद्रिका बंद पडू द्यायची नाही. खपो वा न खपो. बाजाराच्या भाषेत हा वेडेपणा आहे, ऋणाच्या भाषेत शहाणपण.

तिसरा, डब्लिनच्या लँकम या चौघांचा ‘फॉल्स लँकम’, २०२३. हा ऐकायला कठीण आहे, आधीच सांगतो. पहिलंच गाणं, ‘गो डिग माय ग्रेव्ह’, जवळपास नऊ मिनिटांचं. प्रेमात फसलेली मुलगी जीव देते आणि आपली कबर कशी असावी ते सांगून जाते. रेडी पीट यांनी हे केंटकीच्या जीन रिची यांच्या गाण्यावरून घेतलं. यातली कडवी मुळात ब्रिटन-आयर्लंडकडून अमेरिकेला गेलेली. जात्यावरच्या ओवीतले चरण जसे एका ओवीतून दुसरीत जातात, तशी ही कडवी अनेक गाण्यांतून फिरतात. समुद्र ओलांडून गेलेलं कडवं इथे परत आलं आहे आणि येताना बदललं आहे. सुरुवातीला आवाज जवळजवळ एकटा. मग खालून एक स्थिर सूर चढू लागतो, त्यावर घण पडावेत तसे ठोके, आणि शेवटी संगीत आणि आक्रोश यांतली सीमाच जाते. मढ्यापुढे शोक करण्याची आयर्लंडची जुनी रीत इथे आठवते. पेटीचा आणि तंबोऱ्याचा धरलेला सूर आपल्या कानाला आधाराचा वाटतो. हार्मोनियम लँकमच्या वाद्यांतही आहे. पण इथे धरलेला सूर आधार देत नाही, छातीवर बसतो. ‘फ्यूग’ नावाचे जे तीन तुकडे मधे येतात, त्यांनी अल्बम जोडला जातो असं म्हणतात. आम्हाला ते अडथळा वाटले. पण त्या पहिल्या गाण्यासाठी एवढं चालतं.

चौथा गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा ‘वुडलँड’, ऑगस्ट २०२४. वुडलँड हा नॅशव्हिलमधला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ. मार्च २०२० च्या वादळानं त्याचं छप्पर उडवलं, तेव्हा या दोघांनी पावसात मूळ ध्वनिफिती वाचवल्या. आयुष्यभराचं काम होतं ते, आणि त्यांच्या मालकीचं, कारण ॲकोनी ही कंपनीही त्यांचीच. दोघं १९९६ मधल्या पहिल्या अल्बमपासून जोडीनं वाजवतात, पण स्वरचित गाण्यांच्या अल्बमवर नाव कधी तिचं असायचं, कधी त्याचं. दोघांची नावं एकत्र असलेला स्वरचित गाण्यांचा हा पहिलाच. म्हणजे इथे ऋण एकमेकांचं आहे. ‘हॅशटॅग’ हे गाणं २०१६ साली गेलेले ज्येष्ठ गीतकार गाय क्लार्क यांच्या आठवणीत आहे. असल्या गायकाचं नाव सगळीकडे दिसतं ते त्याच्या मृत्यूच्या दिवशी, ही त्यातली खंत. तंतुवाद्यांचा भरणा काही ठिकाणी नको इतका झालाय. दोन गिटारी आणि दोन गळे पुरले असते.

आता ‘स्वतंत्र’ या चिठ्ठीकडे वळू. ती फसवी आहे. आपला पहिला अल्बम काढणारी नॉनसच ही कंपनी वॉर्नर या बड्या समूहाची, आणि तरी तो अल्बम ऋणाला जागतो. उलट स्वतंत्र म्हणवणारं बरंच काही कुणाकडून घेतलं ते सांगतही नाही. मात्र पैशाचा प्रश्न यानं मिटत नाही. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे: मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाला मानधन नाही. एका गाण्यामागे ती रक्कम किरकोळच असते, हे खरं. पण तत्त्व बघा. थोड्यांनी ऐकलेलं म्हणजे फुकट ऐकलेलं! एटा बेकर आज तरुण असत्या, तर त्यांची गाणी या रेषेच्या कुठल्या बाजूला पडली असती?

म्हणून श्रोत्यावरही ऋण येतं. चारही अल्बम ॲपवर ऐकून बघा, हरकत नाही. जो आवडेल तो एक विकत घ्या, शक्यतो कलाकाराच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या पानावरून. अल्बमबरोबरची टिपणं वाचा. कुणाकडून शिकलो हे तिथे लिहिलेलं असतं, आणि ॲपमध्ये नेमकं तेच गळतं. मग त्या गुरूला शोधून ऐका. वुडलँडपासून सुरुवात सोपी पडेल, लँकम शेवटी आणि रात्री नको. आणि १९९१ चा एटा बेकर यांचा ‘वन डाइम ब्लूज’ या चारांच्या आधीच ऐकलात, तर उत्तम. आता तुमचे प्रश्न घेऊ.