पाठदुखी आणि पाठदुखीची नोंद

दीर्घकाळ टिकणाऱ्या पाठदुखीचे मूळ मन आणि कामाची जागा यांतही शोधावे, या मताच्या पुष्ट्यर्थ स्टॅन्ली बिगोस व सहकाऱ्यांचा, अमेरिकेतील बोइंग कारखान्यातील अभ्यास (१९९१) नेहमी पुढे केला जातो. ३,०२० कर्मचाऱ्यांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २७९ जणांनी पाठीची तक्रार नोंदविली. ज्यांना आपल्या कामात क्वचितच आनंद वाटे, त्यांच्या बाबतीत ही शक्यता, जवळजवळ नेहमीच आनंद वाटणाऱ्यांच्या मानाने, अडीचपट आढळली.

येथे ‘नोंदविली’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. संशोधकांनी शीर्षकातच दुखापतीची ‘नोंद’ असे म्हटले होते. पुढे अनेकांनी तो शब्द गाळला आणि ‘नाखूश कामगाराची पाठ दुखते’ असे सोपे सूत्र बनविले. मराठीत उसण भरते, कंबर धरते, पाठ भरून येते. या क्रियांचा कर्ता माणूस नव्हे. तक्रार नोंदविण्यास मात्र कर्ता लागतो, आणि ती ऐकून घेणारा वरिष्ठही. काम आवडणारा मनुष्य तेच दुखणे मुकाट्याने अंगावर काढीत नसेल कशावरून? या आकड्यांनी ती शंका फिटत नाही. आणि शब्द गाळलेले ते सूत्र व्यवस्थापनाच्या हाती पडले, की ठपका तक्रारदाराच्या स्वभावावर येतो. काम होते तसेच राहते.

शिवाय दुखणे नोंदले जाणे वेगळे, ते वर्षानुवर्षे टिकणे वेगळे. १९९७ साली न्यूझीलंडमध्ये मांडलेल्या ‘पिवळ्या निशाणां’चा रोख या दुसऱ्या गोष्टीकडे आहे. हालचालीचे भय, खिन्नता, कामाविषयीच्या समजुती यांमुळे बरे होणे कितपत लांबते, हा प्रश्न तेथे निदान सरळ विचारलेला आहे.