सातत्य आणि सुसंगती : दीर्घ कथामालेच्या समीक्षेतील एक प्रश्न

दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालेचा विचार करू पाहणाऱ्या मराठी समीक्षेच्या हाती जी साधने आहेत, ती प्रामुख्याने कादंबरी आणि नाटक यांच्या अभ्यासातून घडलेली आहेत. एक लेखक, एक संहिता आणि आदि-मध्य-अंत असलेली रचना ही त्या साधनांमागील गृहीते होत. अनेक लेखकांनी अनेक दशके एकमेकांच्या कथांवर कथा रचत नेलेल्या मालेला ही गृहीते लावली, की ती माला सदोष ठरते. कारण तिच्यातील एक कथा दुसरीला खोटी पाडत असते. तरीही प्रेक्षक वा श्रोते तिला एकच कथा मानतात. हे कसे घडते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना 'सातत्य' आणि 'सुसंगती' या दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक ठरते. सुसंगती हा विधानांमधील संबंध आहे, तर सातत्य हा कथा आणि तिला ओळखणारा समुदाय यांच्यातील संबंध आहे.

या भेदाचे ठळक उदाहरण म्हणून बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकल्पित दूरदर्शन-मालिकेकडे पाहता येते. ही मालिका १९८९ पर्यंत चालली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. काळ आणि अवकाश यांतून प्रवास करणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. १९६६ मध्ये ही भूमिका करणारे विल्यम हार्टनेल प्रकृतीच्या कारणास्तव बाहेर पडले, तेव्हा नायकाचे शरीर बदलते पण व्यक्ती तीच राहते, अशी कल्पना लढवून पॅट्रिक ट्रॉटन यांना त्या जागी आणले गेले. या घटनेला 'रीजनरेशन' हे नाव १९७४ मध्ये मिळाले. नायकाच्या जमातीचे नाव १९६९ मध्ये आणि त्याच्या ग्रहाचे नाव १९७३ मध्ये प्रथम उच्चारले गेले. म्हणजे कथेत जे सर्वांत आधीचे, ते रचनेत पुष्कळ नंतरचे आहे. येथे मूळ हे आरंभी दिलेले नसून मागाहून घातलेले असते.

मागाहून घातलेले मूळ आधीच्या कथांशी जुळेलच असे नाही. अटलांटिसच्या नाशाचे तीन वेगवेगळे खुलासे १९६७ ते १९७२ या पाच-सहा वर्षांतील तीन कथांमध्ये आढळतात. नायकाच्या जमातीला असे देहांतर बाराच वेळा शक्य आहे, ही मर्यादा 'द डेडली असॅसिन' या १९७६ च्या कथेने घातली. ती भरत आली तेव्हा, २०१३ मध्ये, नायकाला देहांतरांचे नवे आवर्तन बहाल करण्यात आले. पहिला मानला गेलेला नायक खरोखर पहिला होता काय, ही शंका 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'ने १९७६ मध्येच पेरली होती. २०२० मधील 'द टाइमलेस चिल्ड्रन'ने तिला कथावस्तूचे रूप दिले, तेव्हा प्रेक्षकांत तीव्र मतभेद झाले. मात्र मालिका तुटली नाही. विसंगती सातत्याला मारक असती, तर ही माला तिच्या पहिल्या दशकातच संपली असती.

या संदर्भात एक भौतिक वस्तुस्थिती उद्बोधक आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीने या मालिकेच्या अनेक ध्वनिचित्रफिती पुसून टाकल्या. आरंभीच्या काळातील कित्येक भागांची चित्रे त्यामुळे हरवली. मात्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून तो मुद्रित करून ठेवला होता. संस्थेने टाकून दिलेली कथा ऐकणाऱ्यांनी जपली. कथांमधील तपशील ताडून पाहण्याची सोय घरगुती चित्रफितींमुळे पुढे सर्वसामान्य झाली आणि सुसंगतीची मागणीही तिच्यासोबत बळावली. ही मागणी मुद्रणाच्या व जतनाच्या साधनांतून निर्माण होते. तो कथेचा अंगभूत धर्म नव्हे.

मराठी वाङ्मयपरंपरेला हा विचार परका नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर महानुभावांनी स्मरणाच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि वेगवेगळ्या स्मरणांतील भेद न दडपता 'वासना' म्हणून नोंदवले. श्रद्धेचा ग्रंथ असूनही त्यात पाठभेदाला जागा राहिली. एका कथेची दोन स्मरणे शेजारी नांदू शकतात, ही जाण त्या पद्धतीमागे आहे.

संहितेऐवजी गायनातून जगणाऱ्या कथाचक्राकडे वळल्यास हा प्रश्न अधिक गंभीर होतो. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसानजीक, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून गोंड समाज येतो. गोंडी कथाचक्रातील काचीकोपा लोहागड तो हाच, अशी श्रद्धा आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांची पारी कुपार लिंगोने केलेली मुक्ती हा या चक्राचा गाभा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून मिळवलेला या कथेचा पाठ, त्यांच्या मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लिंगो महादेवाची अट पूर्ण करण्यासाठी बिंदो पक्ष्याची पिल्ले आणतो आणि त्यातून सुटकेचा मार्ग खुला होतो. कचारगडला आज सांगितल्या जाणाऱ्या कथेत मात्र काली कंकालीची मुले, त्यांचा सांभाळ करणारी जंगो रायतार आणि वादक हिरासुका पाटालीर यांना मध्यवर्ती स्थान आहे; गुहेच्या तोंडावरील शिळा हटते तेव्हा हिरासुका तिच्याखाली प्राण गमावतो. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्या हिंदी लेखनातून ही मांडणी सर्वदूर पोचली.

दोन्ही पाठांत गुहा आहे, कोंडी आहे, लिंगो आहे. मुक्तीचे कारण आणि तिची किंमत मात्र वेगळी आहे. सुसंगतीचा आग्रह धरणारा अभ्यासक येथे लगेच विचारतो : मूळ कोणते? १८६६ चा पाठ जुना म्हणून अस्सल आणि आजचा नवा म्हणून रचलेला, असे उत्तर मग सहज दिले जाते. परंतु हिस्लॉपचा पाठ आधी छापला गेला, एवढेच त्याच्या तारखेवरून सिद्ध होते. एका गायकाने एका प्रसंगी एका परक्या श्रोत्यासाठी केलेले ते कथन होय. जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ मध्ये त्याच पाठाला लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या वळणाचे इंग्रजी पद्यरूप दिले, तेव्हा तर तो मूळ श्रोत्यांपासून आणखी दूर गेला. शिवाय हिरासुकाचे आत्मार्पण हा दुय्यम तपशील नव्हे. किंगरीवर ही कथा गाणारे परधान आपली परंपरा त्याच्याशी जोडतात. ज्याच्या मरणाने गुहा उघडली, त्याचा वारसा सांगणारा गायकच ती कथा गात असतो. कथनकर्त्याचा अधिकार येथे कथेच्या आतच रुजलेला आहे. तो प्रसंग 'प्रक्षिप्त' म्हणून वगळणे म्हणजे गायकालाच कथेबाहेर काढणे होय.

या तुलनेची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. एकीकडे एका प्रसारण-संस्थेची करमणूक आहे, तर दुसरीकडे एका समाजाचा पवित्र इतिहास. मात्र त्यांतील खरा भेद दुरुस्तीच्या हक्काचा आहे. दूरदर्शन-मालिकेत पूर्वकथा बदलण्याचा हक्क निर्मात्या संस्थेकडे असतो. प्रेक्षक तो बदल नाकारू शकतो, स्वतः करू शकत नाही. लिंगोच्या कथाचक्रात हा हक्क गायक आणि श्रोते यांच्यात वाटलेला होता, आणि छापील संहितेने तो संग्राहकाकडे व संपादकाकडे वळवला. आज समाजातूनच एका सर्वमान्य कथेची गरज व्यक्त होते, तेव्हा तिला शुद्धीकरणाचा हव्यास म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. हिरावलेला हक्क परत घेण्याची ती रीत असू शकते. तसे करताना इतर पाठ गप्प होऊ नयेत, एवढी काळजी मात्र 'वासना' नोंदवणाऱ्या परंपरेच्या अभ्यासकाने घ्यावयास हवी.

म्हणून दीर्घ कथामालेच्या समीक्षेने 'या कथा परस्परांशी जुळतात काय?' या प्रश्नाआधी 'त्या जुळवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणासमोर वापरला जातो?' हा प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संहितांची तुलना करून देता येते. दुसऱ्यासाठी गायकाचे नाव, गायनाचा प्रसंग आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांची नोंद लागते. आणि विद्यापीठीय लोकसाहित्य-संकलनांत वगळले जाते ते बहुधा नेमके हेच.