डिकी : एक आस्वाद

मराठीत समीक्षेचा तुटवडा आहे असं कुणी म्हणू नये. कवितेची समीक्षा आहे, कादंबरीची आहे, समीक्षेचीही समीक्षा आहे. लग्नातल्या मठ्ठ्याची समीक्षा तर पंगतीतून उठायच्या आत पुरी होते. पण मोटारीच्या डिकीकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली, तोवर तिच्यातही डिकीवर कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. तेव्हा हे काम मलाच करणं भाग आहे.

डिकी भरणं हे ओझं कोंबणं आहे असा एक अरसिक समज रूढ आहे. वास्तविक ती रचना आहे. मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. ते सांगताना त्यांच्यापुढे साहित्य होतं, पण हे तिन्ही नियम मला पटले ते डिकीपाशी. दोन सूटकेसी एकमेकींच्या अंगाला अंग लावून उभ्या राहतात, तो संवाद. त्यांच्यामध्ये लोणच्याची बरणी ठेवावीच लागते, तो विरोध. आणि ताम्हिणी घाटाच्या तिसऱ्या वळणाला ती बरणी कुठे असते, त्यावरून समतोलाचा निकाल लागतो.

डिकी या शब्दालाही परंपरा आहे बरं का. जुन्या दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे एक उघडमिटीची बैठक असे, तिला डिकी म्हणत. म्हणजे मूळच्या डिकीत माणूस बसायचा, सामान नव्हे. (आमच्याकडे लग्नाच्या सीझनमध्ये ही प्रथा अजून पाळतात.) पुढे इंग्रजाने त्या जागेला बूट म्हटलं, अमेरिकन ट्रंक म्हणतो, कारण त्याने आधी खरोखरीची ट्रंकच मोटारीच्या पाठीला बांधली होती. डिकी हा शब्द जिवापाड सांभाळला तो आपणच. तिच्यातल्या स्टेपनीचीही तीच गोष्ट. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर गेल्या शतकाच्या आरंभी जादा चाकं तयार होऊ लागली, आणि त्या रस्त्याचं नाव आज माणगावच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.

आकृतिबंधाच्या दृष्टीने पाहिलं तर अँबॅसडरची डिकी म्हणजे महाकादंबरी. पात्रं कितीही घाला, शेवटी कोपऱ्यात एक विसरलेलं सापडणारच. फियाटची डिकी ही दीर्घकथा. आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची डिकी म्हणजे हायकू. तीन वस्तू ठेवल्या की संपली.

आता मूळ विषयाकडे येतो, म्हणजे आमच्या साडूंच्या डिकीकडे. साडू बँकेतून निवृत्त झाले आणि गोल्फ खेळू लागले. मराठी मध्यमवर्गाचा गोल्फशी संबंध तसा बेताचाच. नाशिकला गोल्फ क्लब मैदान म्हणून प्रसिद्ध मैदान आहे. त्याचं नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे क्रिकेटचे रणजी सामने झालेले आहेत; नावात गोल्फ आणि खेळात क्रिकेट ही तडजोड आम्हाला मानवते. साडूंनी मात्र खरा गोल्फ धरला. त्याला डॉक्टर कारण होते. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. साडू म्हणाले, नुसतं चालायला कारण लागतं. तेव्हा एक पांढरा चेंडू लांब फेकायचा आणि तो शोधायला जायचं, असं कारण त्यांनी पैसे भरून मिळवलं.

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. (काठ्या म्हटलेलं साडूंना आवडत नाही. ते क्लब म्हणतात. पण क्लबमध्ये क्लब घेऊन जाणं माझ्या मराठी कानाला सोसत नाही.) त्यांतल्या काहींना 'वूड' म्हणतात आणि आता त्या धातूच्या असतात. सगळ्यांत लांब काठीला ड्रायव्हर म्हणतात. ती साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे पावणेचार फूट भरते, आणि इथेच डिकीच्या सौंदर्यशास्त्राचा पेच सुरू होतो. मोटारीच्या डिकीत दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत आलेले असतात. पिशवी आडवी सरळ बसत नाही, ती तिरकी ठेवावी लागते. आणि एकदा एक वस्तू तिरकी ठेवली की बाकीच्यांना त्रिकोणांत राहावं लागतं. सूटकेस चौकोनी असते. तिला त्रिकोण कळत नाही.

दिवेआगर ही आम्हा दोघांची सासरवाडी. माघात तिथे घरच्या गणपतीपुढे भजन असतं, आणि आम्ही चौघं साडूंच्या गाडीने पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे दरवर्षी जातो. आजवर त्या डिकीचा एक संप्रदाय ठरलेला होता, आणि त्याची प्रवर्तक माझी मेव्हणी. तिची पेटी, म्हणजे हार्मोनियम, गेली वीस वर्षं या प्रवासाला येते. पेटी डिकीत कशी जाते ते पाहण्यासारखं असतं. आधी भात्याची कडी लावायची, मग पट्ट्यांवर मऊ फडकं, मग झाकण, मग आईच्या नऊवारीची गोधडी चारी बाजूंनी. डिकीत ती मागच्या सीटला टेकून बसायची, दाराशी नाही. तिच्यावर काही ठेवायचं नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही. जेवायला थांबलो तर गाडी सावलीत, आणि मुक्कामाला पोचल्यावर माणसांच्या आधी पेटी उतरायची. कारण विचारलं तर ती म्हणे, "उन्हानं सरस सुटतो, दमटीनं भाता कुजतो, आणि हिसक्यानं सूर हलतो. अजून काय हवंय, भाऊजी?" मला काही नको होतं. एका वाक्यात एवढं सांगणारी समीक्षा मी फार वाचलेली नाही.

यंदा साडूंनी गोल्फची पिशवी काढली. किनाऱ्यावर ओहोटीला चार चेंडू मारावेत असा त्यांचा बेत होता. आदल्या रात्री त्यांनी मला काठ्या गाडीत कशा ठेवाव्यात यावर व्याख्यान दिलं. काठीचं डोकं दांड्याला गोंदासारख्या रसायनाने चिकटवलेलं असतं. बंद गाडी उन्हात तापली, आणि असं वारंवार झालं, की तो जोड अशक्त होतो. मुठीचं रबर कडक पडतं. ग्रॅफाइटच्या दांड्यावर जड वस्तू ठेवली तर बाहेरून न दिसणारी चीर जाते. काठ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून डोक्यांना टोपडी घालायची, पिशवी गडगडू नये म्हणून बांधायची. समुद्राकाठी खारी हवा पोलादाला खाते, तेव्हा पुसून, कोरड्या करून मगच बंद करायच्या. आणि रात्री गाडीत कधी ठेवायच्या नाहीत. मी ऐकत होतो. पलीकडे मेव्हणी भाजी निवडत होती. तीही ऐकत होती. सरस, दमट, हिसका. नवीन असं त्यात काही नव्हतं. फक्त तिने हे सांगितलं तेव्हा त्याला बायकी सोस म्हणत होते, आणि आता त्याला तंत्र म्हणत होते.

सकाळी डिकी भरली. प्रामाणिक समीक्षक म्हणून आधी गुण सांगतो. पिशवी कर्णरेषेत ठेवल्यामुळे रचनेला एक गती आली होती. डोक्यांवरची लोकरी टोपडी पाहून बारशाला निघाल्यासारखं वाटत होतं, हा वात्सल्याचा स्पर्शही मान्य करतो. पण दोष मूलभूत होता. या रचनेत एकच नायक होता आणि बाकी सगळे गर्दीतले. सूटकेसी मागच्या सीटवर आल्या, माझ्या मांडीवर डबा आला, पायांशी नारळ फोडायचा कोयता आला. आणि पेटी फुटपाथवर उभी राहिली.

साडू म्हणाले, "अगं, तिथे कुणाची तरी मिळेल की. कोकणात पेटीला काय तोटा?"

हे खरंच होतं. कोकणात घराआड भजन आणि भजनाआड पेटी असते. मेव्हणी काही बोलली नाही. तिने पेटी उचलून परत वर नेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात नुसती गोधडी होती.

मुळशी ओलांडली आणि डिकीतून आवाज सुरू झाला. टोपडी वूडांना होती; लोखंडी काठ्यांना नव्हती. प्रत्येक वळणाला नऊ लोखंडी डोकी एकमेकींवर आपटत होती. साडूंचा चेहरा प्रत्येक ठोक्याला आकसत होता. घाटात थांबायला जागा नव्हती आणि माझी बायको, जी बहिणीच्या बाजूची होती, ती म्हणाली, "झांजा छान लागल्यात."

माणगावला चहाला थांबलो. साडू चहा घेईपर्यंत मेव्हणीने डिकी उघडली. पिशवीच्या तोंडाशी उभं राहून तिने दोन-दोन काठ्यांमध्ये गोधडीची एकेक घडी घातली, उरलेल्या पदराने सगळ्यांना मिळून वेढा दिला, आणि पिशवी मागच्या सीटकडे सरकवून तिच्या पोटाखाली आपली चपलांची पिशवी पाचरीसारखी ठोकली. म्हसळ्यापर्यंत एक आवाज आला नाही. साडू दोनदा म्हणाले, रस्ता आता पुष्कळ सुधारलाय.

दिवेआगरला पोचल्यावर मेहुण्याने पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की ते रात्री गाडीत ठेवू नका. या गावाला जपून ठेवण्याबद्दल कुणी शिकवायला नको. इथे सापडलेला शके ९८२ चा ताम्रपट मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक आहे. तांब्यावर कोरलेलं साडेनऊशे वर्षं टिकलं. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, पोफळीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला. मातीत तो कोण जाणे किती काळ निर्धास्त होता. देवळात, कुलपात, पहाऱ्यात ठेवल्यावर मात्र पंधरा वर्षंही राहिला नाही. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, पहाऱ्यावरच्या दोघांचा जीव गेला. पुढे वितळवलेलं सोनं हाती लागलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला. गावातली माणसं ही हकिगत सांगताना सोन्यावर थोडं बोलतात आणि त्या दोघांवर जास्त.

साडूंचा गोल्फ दुसऱ्या दिवशी ओहोटीला झाला. गोल्फमध्ये वाळूचा खड्डा हे संकट मानतात. दिवेआगरला हे संकट सुमारे चार किलोमीटर लांब आहे. पहिला चेंडू समुद्राने घेतला. दुसरा सुरूच्या बनात गेला. तिसरा शोधत असताना एका गावकऱ्याने हटकलं, कारण या किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूत वाकून पांढरं गोल काही उकरणारा शहरी माणूस हे दृश्य इथे कुणी कौतुकाने बघत नाही. साडूंनी ओळख सांगितली. गावकरी म्हणाला, "म्हणजे पेटीवाल्या ताईंचे यजमान. मग आधी सांगायचं!"

संध्याकाळी भजन होतं. शेजारच्या वाडीतून पेटी आणली होती. चांगली होती, पण तिची एक काळी पट्टी दाबली की वर येत नव्हती आणि तो सूर भजन संपेपर्यंत रडत राहायचा. मेव्हणी डाव्या हाताने भाता मारत होती, उजव्याने वाजवत होती, आणि मधूनमधून करंगळीने ती पट्टी खालून उचलत होती. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. साडूंना कळलं. ते खांबाला टेकून बसले होते आणि सबंध भजनभर त्या करंगळीकडे बघत होते.

परतीच्या डिकीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती रचना झालीच नाही. मेहुण्याने रोठ्याचं अर्धं पोतं दिलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या पोफळी आडव्या झाल्या. त्याआधी दोन पोती गाडीत टाकताना आम्ही जागा नाही म्हणून कुरकुर करायचो. आता अर्ध्या पोत्याला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिवाय पंधरा नारळ, आमसुलं, आगळाच्या बाटल्या. साडूंनी गोल्फची पिशवी बाहेर काढली, बराच वेळ डिकीत बघितलं, मग आपण होऊन ड्रायव्हर आणि दोन्ही लांब वूड उपसून काढले. पिशवी सरळ आडवी बसली. मागे सीटला लागून एक चौकोनी जागा रिकामी राहिली. अर्धं पोतं तिथे सहज मावलं असतं, पण साडूंनी ते पुढे ठेवलं आणि त्या जागेवर हाताची वीत टेकत मोजू लागले.

"पेटी केवढी आहे गं आपली?"

"वीस वर्षं घरात आहे," मेव्हणी म्हणाली. "घरी गेल्यावर मोजा."

साडूंनी मान हलवली. मग हातातल्या लांब काठीकडे पाहून विचारलं, "आणि हा ड्रायव्हर कुठे ठेवायचा?"

"ड्रायव्हरनं पुढे बसावं," ती म्हणाली, आणि गोधडी झटकून घडी करायला लागली.