सरल्या वर्षीचे वाचन : एक कबुली

२०२५ साल सरले तेव्हा आमच्या टिपणवहीत एकोणीस पुस्तकांची नावे होती. ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा फेऱ्या घालणाऱ्या धर्मगुरूला याहून अधिक वाचन साधत नाही. धीम्या गाडीने ठाण्याहून डोंबिवलीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. नीट उभे राहायला मिळाले तर तेवढ्यात सात-आठ पाने होतात. त्या एकोणिसांपैकी बहुतेकांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दोन ग्रंथांनी मात्र आमच्या वाचनाच्या रीतीतच खोट असल्याचे दाखवून दिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या घडणीत साहित्याला दुय्यम लेखले जाते, याची खंत त्यात आहे. आठवडा उलटतो न उलटतो तोच, २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. श्रद्धांजलीच्या चार शब्दांसाठी आम्ही त्यांचे ‘सुबोध बायबल’ उघडले, हवे ते वाक्य टिपून घेतले आणि मिटले. एका आयुष्याचे परिश्रम, आणि आम्हांस हवे होते एक वाक्य! सेमिनरीपासून जडलेली ही सवय. प्रवचनाला उपयोगी ते वेचायचे. बाकीचे जणू लिहिलेलेच नाही. नव्या वर्षी काहीही न वेचता वाचावे, असे तेव्हा ठरविले.

पहिला ग्रंथ ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र सेमिनरीत आम्ही संक्षिप्त आवृत्तीत वाचले होते, तेही रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (स्थापना १८९३) संपूर्ण ग्रंथ आणला आणि दोन महिने तो आमच्या पिशवीतून हलला नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आमच्या प्रवचनांत ती त्यागाची कथा असे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात ती विश्वासात न घेतलेल्या पत्नीची कथा आहे. पती परधर्मात गेला, ही स्वतःला नातलगांच्या आश्रयाला, पदरी लहान मूल. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, ते कोणाच्या युक्तिवादाने नव्हे. सोवळ्याओवळ्याचा गुंता स्वतःच्या बुद्धीने उकलून. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याविषयी त्या जितक्या मोकळेपणाने लिहितात, तितक्याच मोकळेपणाने पतीच्या तापटपणाविषयी आणि लहरीविषयी. झाकापाक नाही, कडवटपणाही नाही. स्वतःची फजिती सांगताना तर त्यांची लेखणी खुलतेच. ख्रिस्ती मराठी गद्यात इतके निर्भय आणि इतके प्रेमळ पुस्तक दुसरे नाही, असे आमचे मत आहे. (टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हे, ही आठवण काही वाचक करून देतील. देवोत.)

हे वाचताना आम्हांस एक जुना प्रसंग छळत राहिला. काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्याकडे आली होती. पती रोज संध्याकाळी प्रार्थनासभेला जातो, घराकडे ढुंकून पाहत नाही, ही तिची व्यथा. आम्ही तिला टिळकांच्या त्यागाचा दाखला दिला. ती मान खाली घालून उठून गेली. ज्या पुस्तकात तिचीच बाजू मांडली होती, त्यातूनच आम्ही तिच्या पतीचा कैवार शोधून काढला. आता ते कुटुंब बदलापूरकडे राहावयास गेले आहे.

दुसरा ग्रंथ फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, फादर कारिदाद द्रागो यांनी सिद्ध केलेली १९९६ ची देवनागरी प्रत. मूळ ग्रंथ १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापला गेला. स्टीफन्सची साष्टी गोव्यातली, आपल्या ठाण्याची साष्टी वेगळी. ही गल्लत आपल्या व्यासपीठांवरूनही होते. तेथे एक गोष्ट हमखास घडते: मराठीच्या थोरवीच्या त्या ठराविक ओव्या म्हटल्या जातात, टाळ्या पडतात, आणि उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या तशाच राहतात. आम्हीही तसेच करीत आलो. यंदा आरंभापासून सावकाश वाचू लागलो, तेव्हा एका वेगळ्याच जागी थबकलो. एक श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काही नवे का देत नाही? ज्याच्या हातचा ग्रंथ काढून घेतला त्याचे हे गाऱ्हाणे, आणि ते लिहून ठेवणारा स्वतः पाद्रीच! स्टीफन्सचे मोठेपण आम्हांस भाषास्तुतीपेक्षा येथे अधिक जाणवले. तो प्रश्न त्यांनी गाळला नाही. त्याला उत्तर म्हणून अख्खे पुराण रचले.

मात्र हे वाचन सोपे नाही. वंशावळींचे भाग रुक्ष आहेत, शब्द अडतात, आणि गर्दीच्या गाडीत ओवी वाचता येत नाही. तिला मोठ्याने म्हणावे लागते. म्हणून रात्री, धर्मग्रामाचे दार लावल्यावर, रोज वीस ओव्या म्हणतो. नाताळापर्यंत दुसरे पुराण गाठण्याचा बेत होता. तो फसला. खूण अजून पहिल्या पुराणातच आहे.