जात्यावरची ओवी आणि संवादी माहितीपट

माहितीपट म्हटला म्हणजे दिग्दर्शकानें सांगावें व प्रेक्षकानें निमूटपणें ऐकावें, हा आजवरचा शिरस्ता. डिजिटल पत्रकारितेंत ज्यास 'इंटरॅक्टिव्ह डॉक्युमेंटरी' म्हणतात, तो संवादी माहितीपट हा शिरस्ता मोडूं पाहतो. आरंभ कोठून करावा, कोणाचें म्हणणें आधीं ऐकावें, हें येथें वाचकानें ठरवावयाचें. फ्रान्समधील आर्ते ह्या संस्थेच्या २०१० सालच्या 'प्रिझन व्हॅली'ची ह्या संदर्भांत मोठी ख्याति आहे. अमेरिकेंतील तुरुंगांवर जगणाऱ्या एका गांवाची ती हकीकत. तींत प्रेक्षकास एका मोटेलांतील खोली देऊन तेथून हिंडावयास सोडलें आहे. योजना चतुर खरी. परंतु दारें पुष्कळ असलीं तरी तीं कर्त्यानेंच बसविलेलीं! त्यांतून हिंडणें म्हणजे संवाद, असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याहून साधें, पण आमच्या मतें अधिक खरें उदाहरण घरींच आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. पुढें बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्यानें त्यांची संगणकीय सूची झाली, ध्वनिमुद्रणें झालीं. पी. साईनाथ ह्यांनीं २०१४ सालीं सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नें २०१७ पासून हा ठेवा वाचकांपुढें मांडण्यास आरंभ केला. काटेकोर व्याख्येनें हा संवादी माहितीपट नव्हे. परंतु ओवीबरोबर तेथें आवाज आहे, शब्द आहेत, आणि खालीं गाणारीचें नांव, गांव, जात, वय, मुलेंबाळें, व्यवसाय व मुद्रणाची तारीख आहे. छापील संग्रहांतील ओवी बहुधा 'लोकांची', म्हणजे कोणाचीच नसते. येथें मुळशीच्या बाईची ओवी तिचीच राहते. जात व व्यवसाय वाचून वाचक पुन्हां ओवीकडे वळतो, तेव्हां पहिल्या खेपेस न लागलेला अर्थ त्याला लागतो. ही जा-ये त्याची स्वतःची. ती कोणी आंखून दिलेली नाहीं.

साधेपणाचा दुसराही लाभ आहे. 'फ्लॅश' ह्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं काढून घेतला गेला आणि त्यावर रचलेल्या कित्येक कृति होत्या तशा उघडेनाशा झाल्या. ओवीचे चार शब्द व एक आवाज जपणें त्यामानानें सोपें. शिवाय टिटवाळ्याहून मुंबईस निघालेल्या लोकलमध्यें एका हातानें कडी व दुसऱ्यानें मोबाइल धरून उभ्या असलेल्या वाचकास मोटेलाच्या खोल्या धुंडाळण्याची सवड कोठून असणार? आंबिवली येईतों एक ओवी मात्र ऐकून होते.

तथापि वाचकास मिळालेलें स्वातंत्र्य गाणारीस मिळालें काय? ती मुद्रणाच्या तारखेस खिळलेली. संस्थेची मंडळी कित्येक गायिकांकडे वर्षांनंतर पुन्हां गेलीं, त्यांची छायाचित्रें व चित्रफिती घेतल्या, हेंच ह्या कार्यांतील खरें पत्रकाराचें काम होय. लाखावर ओव्यांच्या मानानें अशा भेटी थोड्याच, आणि मूळच्या गायिकांपैकीं पुष्कळ आतां हयात नाहींत.