स्थैर्य आणि स्वातंत्र्य : मार्कोव्ह-नेक्रासोव्ह वादाचे परीक्षण

विश्वातील घटना पूर्वनियत आहेत की यदृच्छेच्या अधीन आहेत, हा प्रश्न मूलतः तत्त्वज्ञानाचा आहे. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात त्याची चर्चा गणिताच्या क्षेत्रात होऊन अखेर एका काव्यातील अक्षरांच्या गणनेपर्यंत पोचली. भाषेच्या अभ्यासकाने या वादाची दखल घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मॉस्को येथील गणिती पावेल नेक्रासोव्ह यांनी १९०२ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचे स्वरूप असे होते : विवाह, गुन्हे इत्यादिकांची सामाजिक प्रमाणे वर्षानुवर्षे स्थिर राहतात. बृहत्संख्यांच्या नियमानुसार असे स्थैर्य घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्यासच संभवते. यास्तव मनुष्याची कृत्ये, आणि पर्यायाने त्याची इच्छा, स्वतंत्र होय.

या युक्तिवादात दोन दोष आहेत. पहिला तर्काचा. स्वातंत्र्य असता स्थैर्य येते, हे सिद्ध होते. स्थैर्य असता स्वातंत्र्य असलेच पाहिजे, हे सिद्ध नव्हते. आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये परस्परावलंबी घटनांच्या साखळीतही तसेच स्थैर्य येऊ शकते, हे दाखवून त्या मताचा आधारच काढून घेतला. दुसरा दोष अर्थाचा. एका घटनेमुळे दुसरीची संभाव्यता न बदलणे, एवढाच गणितातील स्वातंत्र्याचा आशय. संकल्पस्वातंत्र्य ही निराळी कल्पना. मराठीत दोहोंसाठी 'स्वतंत्र' हा एकच शब्द योजला जात असल्याने मराठी वाचकाने येथे विशेष सावध असावे.

१९१३ मध्ये मार्कोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीपुढे पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या पद्य-कादंबरीतील आरंभीच्या २०,००० अक्षरांची गणना सादर केली. त्यांत स्वर ८,६३८, म्हणजे सुमारे ४३.२ टक्के. अक्षरे परस्परांपासून स्वतंत्र असती, तर मागील अक्षर कोणतेही असो, पुढे स्वर येण्याचे प्रमाण तेवढेच राहिले असते. प्रत्यक्षात स्वरानंतर स्वर १२.८ टक्के, तर व्यंजनानंतर स्वर ६६.३ टक्के आढळला. अवलंबित्व उघड, आणि तरीही एकूण प्रमाण स्थिर!

यावरून नियतिवाद सिद्ध झाला असे मात्र कोणी समजू नये. मुद्रित 'ओनेगिन'मधील प्रत्येक अक्षर निश्चित आहे. तरीही त्याचे वर्णन संभाव्यतेच्या भाषेत करता येते. ती संभाव्यता गणनेसाठी निवडलेल्या एककांवरही अवलंबून असते. स्वतंत्र उच्चार नसलेली दोन रशियन चिन्हे मार्कोव्ह यांनी वगळली होती. 'घर' या शब्दात लेखनानुसार दोन स्वर मोजावेत की उच्चारानुसार एक, हे ठरविल्यावाचून मराठीतही अशी गणना आरंभता येणार नाही.

तात्पर्य, प्रमाणांचे स्थैर्य नियती आणि यदृच्छा या दोन्ही पक्षांशी सुसंगत असल्याने ते कोणत्याच पक्षाचा पुरावा होत नाही. पुरावा व्हावयाचा तर एका पक्षाला जे अशक्य, ते निरीक्षणात आढळले पाहिजे. पदार्थविज्ञानात जॉन बेल यांनी १९६४ मध्ये अशीच कसोटी दिली. पुढील प्रयोगांत बेल यांची असमानता मोडल्याचे दिसून आले व स्थानिक स्वरूपाचा नियतिवाद टिकणे कठीण झाले. परंतु डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये मांडलेली अस्थानिक नियतिवादी उपपत्ती त्या कसोटीने बाद होत नाही. म्हणजे येथेही निर्णय मर्यादितच आहे.

शैलीच्या अभ्यासात शब्दांची वारंवारता मोजून कवीच्या मनोधर्माविषयी अथवा भाषेच्या अटळ नियमांविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही मर्यादा ध्यानी घ्यावी. आपली आकडेवारी कोणत्या प्रतिपक्षाला अशक्य ठरविते, हे प्रबंधात प्रथम सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर ती गणना वर्णन म्हणून ग्राह्य, प्रमाण म्हणून नव्हे.