घाट उतरल्यावरची सॉफ्टी

मुंबईहून कोकणात निघालेल्या गाडीत पोलादपूर आलं की आयांचा एक नियम लागू व्हायचा: आता कुणी काही खायचं नाही, पुढे कशेडी आहे. पाऊण तासाची वळणं, पुढच्या ट्रकचा धूर आणि मागच्या सीटवर हातात लिंबू धरून बसलेलं पोर. ज्याला गाडी लागते त्याला घाटाआधी दूध, साखर आणि गारवा एकत्र देणं म्हणजे भोगावच्या वळणावर गाडी थांबवायची तयारी ठेवणं. त्यामुळे जाताना पोलादपूरच्या हॉटेलांच्या दारातलं सॉफ्टीचं मशीन नुसतं काचेतून पाहायचं. परत येताना, घाट उतरून गाडी सपाटीला लागली, पोटातलं डचमळणं थांबलं की मग ती मिळायची. या रस्त्यावर सॉफ्टीला दिशा होती. ती मुंबईकडे जाणाऱ्यांची होती, सुट्टी संपवून निघालेल्यांची. तिच्या चवीत हा भाग मी धरतो. पदार्थ कुठे आणि कशानंतर खाल्ला, हे बाजूला ठेवून त्याचं रसग्रहण करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पोलादपूर-महाडचा पट्टा कोकणात असला तरी समुद्राचा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, चहूकडून डोंगर, सावित्रीचं खोरं, आणि एप्रिल-मेमध्ये वारा पडला की जीव नकोसा होतो. अलिबागला संध्याकाळी येणारी खारी झुळूक इथवर पोचत नाही. घाटमाथ्यावरून खाली आलेल्या माणसाला हा उष्मा अंगावर घोंगडी टाकल्यासारखा लागतो. अशा ठिकाणी थंड पदार्थाची परीक्षा फार सोपी नसते, कारण तहानलेल्या माणसाला बर्फाचं पाणीही गोड लागतं. म्हणून माझी पद्धत अशी की आधी एक ग्लास साधं पाणी प्यायचं, मग मशीनपुढे उभं राहायचं.

मशीन सगळीकडे साधारण सारखंच. स्टीलचं उभं धूड, वर दोन टाक्या, पुढे तीन दांडे. एका बाजूला व्हॅनिला, दुसऱ्या बाजूला मँगो नाहीतर चॉकलेट, आणि मधला दांडा दाबला की दोन्हींची वेणी. ‘‘काका, साधी देऊ की मिक्स?’’ एवढाच प्रश्न. टाकीत थंड ठेवलेलं दुधाचं पातळ मिश्रण असतं. ते आतल्या गोठवणाऱ्या नळकांड्यात उतरतं, नळकांड्याच्या भिंतीला त्याचा पातळ थर गोठतो, फिरणारी पाती तो सतत खरवडून काढते आणि त्याच वेळी त्यात हवा घुसळते. म्हणजे आइस्क्रीम आधी बनवून ठेवलंय आणि तुम्हाला वाढलंय, असं इथे होत नाही. मशीनच्या तोंडातून पडतं तेव्हा ते जेमतेम तयार झालेलं असतं, आणि कोनात पडल्याच्या क्षणापासून बिघडायला लागतं. इतकं थोडं आयुष्य असलेला दुसरा पदार्थ आपल्या रस्त्यावर नाही. कुल्फी मटक्यात दिवस काढते, गोळा तरी निदान बर्फाच्या लादीतून येतो. सॉफ्टी पार्सल मिळत नाही.

आता हात पाहायचा. बहुतेक लोक नाणी शोधतात किंवा फोन पाहतात आणि नेमकं हेच चुकवतात. कसलेला पोरगा दांडा एकदम खाली ओढत नाही. कोनाची बैठक आधी भरतो, तळाशी पोकळी राहू देत नाही, मग कोन हलकेच फिरवत वर तीन वेढे चढवतो, आणि शेवटी दांडा सोडून मनगट झटकन खाली नेतो. त्या झटक्याने शेंडी येते, किंचित वाकलेली. शेंडी ताठ उभी राहिली तर माल जास्त गोठलाय. लगेच पसरली तर मशीनला अजून दम खायला हवा, आधीच्या बसने ते उपसून काढलंय. वाकली पण पडली नाही, तर निश्चिंत पैसे द्या. नवशिक्याचे वेढे भरगच्च दिसतात आणि कोन मात्र आतून रिकामा निघतो. या फसवणुकीला कंजूषपणापेक्षा घाई जास्त कारणीभूत असते, म्हणून मी ती माफ करतो.

पहिला घास दाताने घ्यायचा नाही. शेंडी ओठांत धरायची. डब्यातलं आइस्क्रीम उणे अठरा अंश सेल्सिअसला ठेवलेलं असतं, सॉफ्टी मशीनमधून उणे पाच-सहाच्या आसपास निघते. त्या तापमानाला तिच्यातलं निम्म्याच्या आसपासच पाणी गोठलेलं असतं, बाकीचं साखर विरघळलेलं, द्रवच. जिभेवर ती घरंगळते ती यामुळे. पण खरी गंमत पुढे आहे. फार थंड पदार्थ जिभेला बधिर करतो, आणि बधिर जिभेला व्हॅनिला काय, गुलाब काय, सगळं एकच. सॉफ्टी जिभेला जागी ठेवते. त्यामुळे गोडी पुरती कळते, सुवास पुरता कळतो, आणि लबाडीही पुरती कळते. स्वस्त इसेन्सचा घशात उतरणारा कडवटपणा डब्यातल्या आइस्क्रीममध्ये थंडीखाली दडून जातो. सॉफ्टीत तो दुसऱ्याच चाटण्याला उघडा पडतो. चांगली साधी सॉफ्टी म्हणूनच अवघड. तिला लपायला जागा नाही.

मग हवा. हवा विकतात म्हणून सॉफ्टीवाल्यांना हसणारे लोक मला भेटतात. हवा सगळ्याच आइस्क्रीममध्ये असते. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम असावं असं सांगितलंय ते याचसाठी. एक लिटर दूध किलोभर भरतं, त्यावरून हिशेब करा. हायवेवरच्या साध्या मशीनमध्ये मिश्रण आपल्याच वजनाने खाली उतरतं आणि वाटेत हवा ओढून घेतं. पंपाच्या महागड्या मशीनपेक्षा ते हवा कमी घेतं. म्हणून मॉलमधली सॉफ्टी फुललेली आणि पोकळ, तर पोलादपूरची जराशी जड, थोडी ओलसर, दुधाच्या जवळची. हा निकाल मी नि:पक्षपातीपणे देतोय असं समजू नका, पण जिभेवर विरघळताना जो किंचित ओढा जाणवतो तो मला हवेच्या फेसापेक्षा बरा वाटतो.

एक चाचणी सांगतो. अर्धा कोन संपल्यावर थांबा आणि जीभ टाळूला लावा. तिथे मेणासारखा थर राहिला असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आहे. पाकिटातल्या मालावर कंपनीला ते ‘फ्रोझन डेझर्ट’ असं छापावं लागतं, पण कोनाला वेष्टन नसतं, त्यामुळे वाचायला काही मिळत नाही. टाळू हेच तेवढं लेबल. चांगल्या सॉफ्टीनंतर तोंड स्वच्छ राहतं, कारण तिच्यात मुळात स्निग्धांश बेताचाच, शेकडा तीन ते सहाच्या घरात. हिचा आनंद साईचा नाही, दुधाचा आहे. साईची हौस असेल त्याने पोलादपूरच्या नाक्यावर दुसरी वाट धरावी.

कारण तिथे खरोखरच वाट फुटते. एक रस्ता सरळ कशेडीकडे, दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, साधारण चाळीस किलोमीटर. वर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत स्ट्रॉबेरीचा मोसम असतो, 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ती स्ट्रॉबेरी, आणि पर्यटक उंच ग्लासात चिरलेली फळं, घोटलेलं क्रीम आणि वर आइस्क्रीमचा गोळा असा डोंगर घेऊन बसतात. तो पदार्थ देखणा आहे, पण तो थांबलेल्या माणसाचा आहे. चमचा हवा, टेबल हवं, वेळ हवा. खाली मिळणाऱ्या गुलाबी सॉफ्टीत त्या स्ट्रॉबेरीचा अंशही नसतो, रंग असतो आणि बाटलीतला वास. एवढ्या जवळ खरं फळ असताना असं का, याला कारण आहे. खऱ्या फळाचा रस आंबट, आंबटपणाने दूध फाटू शकतं. शिवाय रसातल्या पाण्याचे खडे होतात आणि ते पात्याखाली करकरतात. मँगोचंही तेच. म्हणून माझा सल्ला साध्या व्हॅनिलाचा. मिक्स दिसायला सुरेख, पण दोन इसेन्स एकमेकांना मारतात.

मराठी घरांना ही चव परकी नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं. सॉफ्टीचं मशीन येण्याआधी मे महिन्यात वाड्यांतून पॉट आइस्क्रीम व्हायचं. लाकडी बादलीत पत्र्याचा किंवा पितळेचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, वर गोणपाट, आणि दांडा फिरवायला पोरांची रांग. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे भोवतीचं खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. विज्ञानाच्या पुस्तकात हे वाचण्याआधी पोरांना ते सुन्न झालेल्या बोटांनी माहीत असायचं. दांडा जड झाला की झालं. झाकण उघडून, मधलं पातं उपसून, लगेच वाट्यांतून जे वाढलं जायचं ते काय होतं? नुकतं गोठलेलं, मऊ, हवा खाल्लेलं, फ्रीझरचं तोंड न पाहिलेलं. आजची सॉफ्टी अगदी तीच. फरक इतकाच की दांडा आता विजेवर फिरतो आणि पात्याला चिकटलेलं चाटायला कुणाला मिळत नाही. आटवलेल्या दुधाच्या बाबतीत मात्र पॉट फार पुढे. तिथे मशीनने बरोबरी सांगू नये.

अमेरिकेतली तिची जन्मकथा तर आपल्या घाटात शोभेल अशी आहे. 1934 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हार्ट्सडेल इथे टॉम कार्वेल याच्या आइस्क्रीमच्या ट्रकचा टायर पंक्चर झाला. माल वितळायला लागला, तो त्याने रस्त्याकडेलाच विकला, आणि लोकांना तो अर्धवट वितळलेलाच जास्त आवडला असं त्याच्या ध्यानात आलं. पुढे 1938 मध्ये इलिनॉयमधल्या कँककी गावी मॅककलो बापलेकांनी मऊ आइस्क्रीमची विक्री करून पाहिली आणि त्यातून 1940 मध्ये डेअरी क्वीनचं पहिलं दुकान निघालं. मार्गारेट थॅचर यांनी ती शोधली अशी एक कथा इंग्लंडात फिरते. त्या तरुणपणी एका खाद्यकंपनीत रसायनतज्ज्ञ होत्या एवढंच त्यात खरं, सॉफ्टी त्याआधीच जन्मली होती. मला पंक्चरची कथा पुरते. बंद पडलेल्या गाडीच्या कडेला उभं राहून खायचा पदार्थ बंद पडलेल्या गाडीतूनच निघावा, हे रास्त आहे.

कोनाबद्दल थोडक्यात. सपाट तळाचा फिकट वेफर कोन बेचव असतो आणि बेचवच हवा. गोड कुरकुरीत कोन सॉफ्टीशी भांडतो. पोलादपूरच्या मे महिन्यात पाच मिनिटांत त्याचा तळ भिजतो. म्हणून वरून खाली न जाता कडेकडेने फिरत खायचं, वाटेत ओघळ अडवायचे. लहान मुलं हे न शिकवता करतात.

दोष सांगायलाच हवेत. वीज मध्येच गेली किंवा दाब पडला की मिश्रण ढिलं होतं, आणि पुन्हा गोठवलेल्या सॉफ्टीत बारीक कचकच येते. त्याहून गंभीर गोष्ट स्वच्छतेची. हे मशीन आतून रोज खोलून धुवावं लागतं, पाती, वॉशर, तोंडं, सगळं. दूध आणि ऊब यांची गाठ पडली की काय होतं ते सांगायला नको. याच महामार्गावर एकदा मशीनच्या तोंडाशी आंबूस वास आला आणि मी हातातला कोन न खाता टाकला. वास घ्यायला लाजू नका. तोंडांभोवती सुकलेली पिवळी कड दिसली तर कोकम सरबत मागवा. आणि ज्या हॉटेलपुढे गर्दी आहे तिथेच खा, कारण तिथे टाकीतलं मिश्रण शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

2023 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर कशेडीचा पहिला बोगदा हलक्या वाहनांना खुला झाला, पुढे दुसराही. सुमारे दोन किलोमीटरचं अंतर, दिव्यांच्या उजेडात, एकही वळण न घेता. चाकरमान्यांचा वेळ वाचला, घाटातले अपघात टळले, यात वाईट काही नाही. घाटातल्या वळणांवर काकडी, करवंदं, जांभळं घेऊन बसणाऱ्यांचं गिऱ्हाईक मात्र ओसरलं. पोलादपूरच्या बाजूला एक वेगळीच गोष्ट झाली: आयांचा नियम रद्द झाला. आता पोरं जातानाही सॉफ्टी मागतात, आणि नाही म्हणायला कारण उरलेलं नाही. मला तरी ती परतीचीच जास्त लागते. जाताना लक्ष पुढच्या गावात असतं, कोन नुसता संपवला जातो.

तेव्हा जुन्या घाटाने या, एकदा तरी. वेळ असेल, पाऊस नसेल आणि बरोबर कुणाला गाडी लागत नसेल तर. पोलादपूरला उतरा, पाणी प्या, साधी व्हॅनिला मागा, आणि कोन हातात घेऊन गाडीत मात्र बसू नका.